दोन खेळांचे मॅनेजर

आमच्या वेळी नंदुरबारच्या गल्लीबोळांतून सरळ चालत जाता येत नसे, कारण समोरून मॅनेजर येत. समोरच्याला वाट द्यायची ही साधी गोष्ट त्या माणसाला जन्मात जमली नाही. तुम्ही दिसलात की ते थबकत, गुडघे वाकवत, दोन्ही हात पसरत आणि तुमच्या कमरेवर नजर रोखून उभे राहत. तुम्ही डावीकडे सरकलात की तेही सरकत, उजवीकडे वळलात की वळत. तोंडाकडे बघायचंच नाही. "तोंड खोटं बोलस, कंबर नही बोलस," असा त्यांचा सिद्धांत होता आणि तो ते भर रस्त्यात, पाण्याचे हंडे घेऊन निघालेल्या बायकांनाही समजावून सांगत. बायका त्यावर जे काही बोलत ते ऐकून ते बाजूला होत, पण तोंड मात्र सामना हरल्यासारखं करत.

पोस्टमनने त्यांच्या गल्लीची डाक सगळ्यात शेवटी वाटायचा रिवाज पाडला होता. मी मामलेदार कचेरीत कारकून होतो, देशावरून बदलून आलेला, एकटा जीव. कचेरीत उशीर झाला की मी "मॅनेजर भेटले" एवढंच सांगे आणि मामलेदारसाहेब मान डोलवत. साहेबांचा टांगा मॅनेजरांनी एकदा घोड्यासकट अडवला होता. फक्त स्वतःच्या बायकोला अडवणं मॅनेजरांना कधी साधलं नाही. ती उकळत्या वरणाचं पातेलं धरून सरळ अंगावर चालून यायची. "हाऊ काय खेळ शे का?" असं ओरडत मॅनेजर भिंतीला चिकटत आणि बाई पातेल्यासकट पुढे निघून जात.

हे सगळं आट्यापाट्यांमुळे. तरुणपणी मॅनेजर आट्यापाट्यांतले नामांकित सूर होते. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांना सांगतो, जमिनीवर आडव्या पाट्या आखतात, प्रत्येक पाटीवर एक गडी उभा राहून वाट अडवतो आणि समोरच्या संघाने हुलकावण्या देत सगळ्या पाट्या ओलांडून परत यायचं असतं. परत आला की लोण झालं. या सगळ्या पाट्यांना मधोमध छेदणारी एक उभी पाटी असते, तिच्यावर मागेपुढे धावणारा तो सूर. म्हणजे संघाचा कणाच म्हणा ना.

पण मॅनेजर नुसते आट्यापाट्यांचे असते तर गाव एवढं हैराण झालं नसतं. ते हुतुतूही खेळत, आणि तेही तेवढंच उत्तम. त्या काळी हे दोन्ही खेळ खेळणारा माणूस म्हणजे अजबच. हुतुतूवाले आट्यापाट्यांना "पळपुट्यांचा खेळ" म्हणत आणि आट्यापाट्यावाले हुतुतूला "रेड्यांची झुंज". मॅनेजर दोन्हीकडून शिव्या खात वीस वर्षं दोन्हीकडे खेळले. त्यांचा डावा गुडघा आट्यापाट्यांत गेला होता आणि उजव्या हाताची करंगळी हुतुतूत. थंडीत गुडघा दुखला की म्हणत, "आज आट्यापाट्या आठवण काढी ऱ्हायन्यात." करंगळी ठणकली की हुतुतूची आठवण. दोन्ही एकदम दुखले की स्वारी खूश असे.

त्यांच्या मेव्हण्याने मला सांगितलेली हकिकत खरी असो वा नसो, मला ती आवडते. लग्नात समोर अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि नवरदेव गुडघे वाकवून अंतरपाटापलीकडे हुलकावणी द्यायला लागले. भटजींनी दोनदा मंगलाष्टक थांबवलं. तिसऱ्यांदा नवरीनेच पडद्याआडून "आते उभा ऱ्हा ना नीट!" म्हणून खडसावलं, आणि संसाराची सगळी दिशा तिथेच ठरली.

खेळायचं वय सरल्यावर गावाने त्यांना रीतसर वस्ताद व्हायला सांगितलं. त्यांनी साफ नाकारलं. मधल्या काळात गावात एक नाटक कंपनी येऊन गेली होती. तिचा मॅनेजर काळा कोट घालून तंबूच्या दाराशी खुर्ची टाकून बसे आणि राजापासून राक्षसापर्यंत सगळे त्याच्यापुढे हात जोडत. हे त्यांनी पाहिलं आणि ठरवून टाकलं की आपण मॅनेजर व्हायचं. एका वकिलाचा जुना अल्पाकाचा कोट धोतरावर चढला. मग एक घडीची खुर्ची आली. ती खुर्ची ते मैदानावर, बाजारात, लग्नात, मर्तिकात, सगळीकडे काखोटीला मारून नेत. तिच्यावर बसलेलं मात्र त्यांना कुणी पाहिलं नाही. मी एकदा विचारलं, तर माझी कीव करत म्हणाले, "भाऊसाहेब, म्यानेजरले खुर्ची ऱ्हास. बसाले येळ नही ऱ्हास."

पोटापाण्यासाठी त्यांची मिरचीची वखार होती. नंदुरबारची मिरची ज्यांनी हुंगली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. हुतुतूत चढाई करणाऱ्या गड्याने एका दमात "हुतुतूतू" म्हणत समोरच्या अंगणात जायचं, गडी शिवायचे आणि दम तुटायच्या आत परत यायचं. हा दम वाढवायला इतर गावचे लोक डोंगर चढत, नदीत डुबक्या मारत. आमचे मॅनेजर गड्यांना मिरची कुटण्याच्या वेळी वखारीत उभं करत आणि स्वतः दारात आडवे होत. "आठे ज्याना दम टिकना त्याना सुरतमाबी टिकी!" आतून हुतुतू, शिंका आणि देवाधर्माची नावं एकदम ऐकू येत. आमचा सर्वांत मोठा चढाईपटू रज्जाक पिंजारी. दिवसभर कापूस पिंजून त्याच्या नाकात आधीच अर्धी गादी भरलेली असे. त्यामुळे मिरचीला आत शिरायला जागाच नव्हती. तो वखारीतून हसत बाहेर येई आणि आम्ही बाकीचे हौदात तोंडं बुडवायला धावत असू.

माझी निवड कशी झाली तेही सांगतो. मंगळवारचा बाजार होता आणि मी डोक्यावर कागदांचं गाठोडं धरून गर्दीतून वाट काढत होतो. मागून कुणीतरी येतंय असं वाटत होतं. कचेरीच्या पायरीशी मॅनेजरांनी मला गाठलं, खुर्ची खाली ठेवली, टोपी काढली आणि अत्यंत आदराने म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्हनी कंबर खोटं बोलस. हजारमा एखादानी बोलस!" मी चारचौघांत पार ओशाळलो. पण संध्याकाळी मैदानावर गेलोच. परक्या गावात माझ्याबद्दल कुणीतरी काहीतरी चांगलं बोललं होतं, आणि ते कमरेबद्दल का असेना, मला हवं होतं.

हुतुतूत मात्र मी अगदीच कुचकामी निघालो. पहिल्या चढाईत बाद व्हायचो आणि रेषेबाहेर बसून शेंगा खायचो. मॅनेजर रागावत नसत. "बाद व्हयेल गडी म्हंजे जमीनमा पेरेल बी शे," म्हणत, "परत उगस." हुतुतूत समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक बाद झालेला जिवंत होऊन आत येतो, त्याबद्दल हे बोलणं. आणि आत आलेला मी पुन्हा लगेच बाद होई.

आता मैदानाची गोष्ट. आमचं मैदान जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागे होतं आणि ते जिनिंगच्या शेठचं होतं. शेठ म्हणजे तीन पिढ्यांपूर्वी गुजरातेतून आलेलं घराणं, घरात गुजराती, दारात अहिराणी आणि अंगाने असे भरलेले की टांग्यात बसले की टांगेवाला दुसरं गिऱ्हाईक घेत नसे. एका दसऱ्यानंतर शेठनी मैदानाच्या कोपऱ्यात दगड आणून टाकले. कापसाच्या गठाणी ठेवायला तिथे गोदाम होणार होतं. गावात दुसरं मैदान नव्हतं. होती ती शेतं, आणि शेतात कपाशी उभी. मॅनेजरांच्या आयुष्यात त्या मैदानाखेरीज काय होतं हे मी सांगत बसत नाही. मिरची होती, पण मिरचीवर कुणी प्रेम करत नाही.

दगड पडले त्या संध्याकाळी मॅनेजरांनी शेठना जिनिंगच्या बोळात गाठलं. मी पाठीमागेच होतो. हात पसरले, गुडघे वाकले. शेठनी डावीकडून जायचा प्रयत्न केला. मग उजवीकडून. मग छत्री पुढे करून मधून. मॅनेजर हटेनात. शेठना घाम फुटला.

"अरे, जाऊ दे ना भो! शू पाहिजे तुले?"

"मैदान."

"मैदान मन्हं शे. गोदाम बांधी ऱ्हायनू."

"गोदाम कोठेबी व्हई. मैदान कोठे व्हई?"

शेठ तसे दिलदार माणूस, आणि पैजेचे शौकीन. छत्री टेकून जरा वेळ धापा टाकल्या आणि म्हणाले, "सारंगखेडानी जत्रामा हुतुतूबी जिकी लय, आट्यापाट्याबी जिकी लय. दोन्ही! मग दगड उचली लेस. एक जरी हारना तर गोदाम."

"दिधा शबद?"

"दिधा. पन गडी माले मांगू नको. सीझन शे, जिनिंगना एकबी मानूस सोडाव नही."

मॅनेजरांनी हात जोडले आणि वाट सोडली. कुणाला आपण होऊन वाट सोडताना मी त्यांना तेव्हाच काय ते पाहिलं. शेठ गेल्यावर मी म्हणालो, "अहो, आपले निम्मे गडी तर जिनिंगमधलेच!" मॅनेजर म्हणाले, "नऊ तर शेत ना?" दोन्ही खेळांना नऊच गडी लागतात, सकाळी एक खेळ, दुपारी दुसरा, तेच नऊ जण दोन्ही खेळतील. हिशेब पक्का होता. पुढे महिनाभर शेठ रोज संध्याकाळी मैदानावर येत. दगड चोरीला जातात म्हणून बघायला येतो असं सांगत. एवढे मोठे दगड चोरणारा चोर सबंध खानदेशात नव्हता, पण शेठ अंधार पडेपर्यंत दगडांवर बसून आमचा खेळ बघत.

सारंगखेड्याला आम्ही दोंडाईच्यापर्यंत रेल्वेने, पुढे बैलगाडीने आणि तापी नावेतून ओलांडून गेलो. दत्ताचं दर्शन झालं. मग मॅनेजर घोड्यांच्या बाजारात शिरले आणि एका पांढऱ्या घोडीसमोर हात पसरून उभे राहिले. घोडीने मान डावीकडे टाकली आणि उजवीकडून सुसाट निघून गेली. मॅनेजर धुळीत बसले होते, पण चेहरा उजळला होता. तिचा मालक काय किंमत सांगतो ते विचारायला ते जाणार, तेवढ्यात आम्ही त्यांना दंडाला धरून ओढून आणलं.

मैदानाशी गेल्यावर कळलं की घात झाला आहे. सकाळभर घोडेवाले त्याच जागेवर घोड्यांची चाल दाखवत होते आणि कुणाला हटू देत नव्हते. जत्रेच्या मंडळींनी तोड काढली होती. दोन्ही सामने दुपारी, एकाच वेळी, शेजारी शेजारी. मधे फक्त एक दोर. इकडे हुतुतूत शहाद्याचा संघ, तिकडे आट्यापाट्यांत तापीकाठच्या प्रकाशा गावचा, आणि दोघांपुढे आमचे नऊ गडी.

आम्ही मटकन खाली बसलो. रज्जाक तर रडायलाच लागला. शेठ जत्रेला आले होते, ते लांबून बघत होते. मॅनेजर दोराच्या एका बाजूला गेले, दुसऱ्या बाजूला गेले, आणि मग तरातरा पंचांकडे निघाले. मुख्य पंच शहाद्याकडचे एक म्हातारे मास्तर होते.

"पंच, हुतुतूमा बाद व्हयेल गडी काय करस?"

"बाहेर बसतो."

"बठीसन काय करस?"

"काय करणार? बसतो."

"मंग तो तितला येळ आट्यापाट्या खेळी. जिता व्हयना का परत हुतुतूमा यी."

प्रकाशाचा पुढारी उसळला. एकच गडी दोन सामन्यांत कसा, असं तो म्हणाला. मॅनेजर शांतपणे म्हणाले, "बाद व्हयना म्हंजे मरना. मरेल मानूस कोठे जलम ली, हाई पंचना हातमा शे का?"

मास्तरांनी नियमांची आठवण केली, आकाशाकडे पाहिलं आणि हसू आवरत म्हणाले, "नियमांत याला कुठं मनाई केलेली नाही. खेळा."

आणि सामने सुरू झाले. हुतुतूत आमचे नऊही जण जिवंत, म्हणजे आट्यापाट्यांच्या मैदानावर आमच्या बाजूने कोण? तर एकटे मॅनेजर. पन्नाशीला टेकलेले, अल्पाकाचा कोट घातलेले, मधल्या उभ्या पाटीवर सूर म्हणून उभे. आडव्या पाट्या सगळ्या ओस. प्रकाशाचे गडी सगळीकडून आत घुसले आणि मॅनेजर त्या उभ्या पाटीवरून मागेपुढे धावत सुटले. धावता धावता दोरापलीकडे आमच्याकडे बघून ओरडत होते, "बाद व्हा रे! कोन्ही तरी बाद व्हा! आठे मी एकलाच शे!"

आपल्याच संघाला बाद व्हायला सांगणारा माणूस शहाद्याच्या लोकांनी कधी पाहिला नसावा. त्यांना वाटलं यात काहीतरी डाव आहे, म्हणून ते आम्हांला शिवेनात. शेवटी मीच त्यांच्या चढाईपटूच्या अंगावर जाऊन पडलो. बाद! मी उडी मारली आणि दोर ओलांडून धावलो. जन्मात पहिल्यांदा माझ्या बाद होण्याची कुणीतरी वाट बघत होतं. "शाब्बास भाऊसाहेब! शेवटली पाटी धरा!" मॅनेजर ओरडले, आणि मी शेवटच्या पाटीवर उभा राहिलो.

त्यापुढे जे झालं त्यात मला काही क्रम लावता येत नाही. रज्जाकने एक गडी मारला की इकडची एक पाटी ओस पडे. शहाद्याने दोन मारले की इकडे दोन पाट्या भरत. हुतुतू जिंकत आलं की आट्यापाट्या हरत आणि आट्यापाट्या सावरल्या की हुतुतू बुडे. आमचा एक गडी तर दोरावरच उभा राहिला, कारण तो जिवंत होता की बाद हे त्याला स्वतःलाच आठवेना. घोडे विकायला आलेले लोक घोडे सोडून बघायला आले. घोडेही आले. लोक इकडून तिकडे पळत होते, हसून हसून जमिनीवर बसत होते. आणि या सगळ्यात मॅनेजर दोन्ही मैदानांवर एकदम ओरडत होते, एका डोळ्याने हुतुतू, एका डोळ्याने आट्यापाट्या. इतका सुखी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

उन्हं कलली. दोन्ही पंच शेवटची शिटी फुंकायच्या बेतात आले. हुतुतूत आमचे आठ बाद, आत एकटा रज्जाक, आणि शहादा थोडक्यात पुढे. त्यामुळे आट्यापाट्यांत मॅनेजर आणि आम्ही आठ असा पुरा संघ उभा. सगळ्या पाट्या भरलेल्या. प्रकाशाचा एकच गडी आत उरला होता, उंच, सडपातळ, पायांत भिंगरी असल्यासारखा. तो परत येऊन लोण झालं तर प्रकाशा जिंकणार, शिटीपर्यंत अडवला तर आम्ही.

तिकडे रज्जाक शेवटच्या चढाईला गेला. "हुतुतूतूतू" चालू होतं आणि त्याच्या आवाक्यात शहाद्याचे दोन गडी आले होते. त्याने हात उचलला आणि थांबला. दोरापलीकडून त्याने मॅनेजरांकडे पाहिलं. दम चालू होता, बोलता येत नव्हतं, पण त्याचे डोळे विचारत होते ते आम्हां सगळ्यांना कळलं. दोन मारले तर दोन गडी जिवंत होणार. जिवंत झालेल्यांना ताबडतोब हुतुतूत जावं लागणार, आणि इकडच्या दोन पाट्या ओस पडणार. मारू की नको?

मॅनेजरांनी एकदा दोन्ही मैदानांकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय झालं असेल ते मला आजही समजतं. मग ते गरजले, "मार! इकडलं मी देखी लेसू!"

रज्जाकने दोघांनाही शिवलं आणि परत आला. बाद झालेले ज्या क्रमाने गेले त्या क्रमाने जिवंत होतात. त्या वेळच्या आठांत सगळ्यांत आधी बाद झालेला मीच. "भाऊसाहेब, पया!" मी धावलो, माझ्या पाठोपाठ दुसरा. शेवटची पाटी, माझी, ओस पडली. शहाद्याचा शेवटचा चढाईपटू आमच्या अंगणात आला, पण मी त्याच्याकडे बघत नव्हतो. मी मान मागे वळवून बघत होतो. प्रकाशाच्या त्या उंच गड्याने मॅनेजरांना डावी हूल दिली. मॅनेजरांचा आट्यापाट्यांतला गुडघा दगा देऊन बसला. ते पडले. पुढे सगळी वाट मोकळी. गडी हसत शेवटच्या पाटीकडे निघाला.

आणि बघ्यांच्या गर्दीतून शेठ आत आले.

हातात रेवड्यांचा पुडा होता, तो हवेत उडाला. टोपी कुठेतरी पडली. धोतराचा सोगा एका हाताने धरून शेठ शेवटच्या पाटीवर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. प्रकाशाच्या गड्याने डावीकडे हूल दिली. शेठ उजवीकडे सरकले. त्याने उजवीकडे उसळी मारली आणि शेठचा पंजा त्याच्या पाठीत थाडकन बसला. दोघेही आडवे झाले. शिटी झाली.

इकडे शहाद्याचा चढाईपटूही तिकडेच बघत होता. शेठ आडवे झालेले बघून त्याला हसू फुटलं, त्याचा दम तुटला, आणि आमच्या अंगणात दम तुटलेला गडी बाद. आम्ही हुतुतू जिंकलं. कुणीही टाळी वाजवली नाही, कारण सगळी जत्रा आट्यापाट्यांच्या शेवटच्या पाटीभोवती जमली होती.

पंच मास्तर पुढे आले. प्रकाशाचे लोक ओरडत होते, "हाऊ कोन? हाऊ तर जत्रामाना बघ्या!" मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. आमचे मैदानावर नऊच्या आतच गडी होते, त्यामुळे एक आणखी आत आला तर नियमात बसत होतं. प्रश्न एवढाच होता की हा गडी कुणाचा. बघ्या असेल तर शिवलेलं खोटं, लोण खरं, आणि प्रकाशा जिंकलं.

मॅनेजर उठून बसले होते. आम्हांला वाटलं आता ते ओरडतील, "आम्हना शे!" गड्यांच्या पुनर्जन्मावर वाद घालणारा माणूस. पण नाही. ते नुसते शेठकडे बघत होते. आम्ही सगळेच बघत होतो. मैदान कुणाचं राहायचं हे आता एकट्या शेठच्या तोंडात होतं, आणि शेठनाही ते ठाऊक होतं. ते धुळीत बसून धापा टाकत होते. एकदा त्यांनी मॅनेजरांकडे पाहिलं, एकदा आपल्या मळलेल्या धोतराकडे.

"शेठ, तुम्ही कुणाचे गडी?" मास्तरांनी विचारलं.

शेठच्या तोंडून आधी नुसता वाराच आला. मग ते घरच्या गुजरातीत म्हणाले, "हूं... हूं नंदुरबारनो छूं."

मास्तरांनी हात वर केला. त्यानंतरचा ओरडा तापीपलीकडे ऐकू गेला असेल. रज्जाक मला घट्ट धरून नाचत होता आणि मी रडत होतो. देशावरचा माणूस मी, माझा त्या गावाशी काय संबंध होता? पण रडत होतो, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

मॅनेजर लंगडत शेठपाशी गेले. आम्हांला वाटलं, आता पाय धरतात. ते शेठजवळ उकिडवे बसले, आजूबाजूला पंच नाहीत असं बघितलं आणि त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "शेठ, तुम्हना एक पाय पाटीना बाहेर व्हता. पंचनी देखा नही, मी देखा. सकाय मैदानवर या, शिकाडी देस."

शेठनी कपाळावरचा घाम पुसला. पाय पुढे घेतला, त्याच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, "कितला वाजता येऊ?"